सातशे रुपयांत एक कंपास: गेम झोनच्या तिकिटांचं गणित नेमकं चालतं कसं

माझी बहीण ठाण्याला राहते, माजिवड्याला, आणि आम्ही नेरुळला. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे आला की माझी मुलगी आणि तो दोघं मिळून हट्ट धरतात तो एकच, मॉलमधल्या गेम झोनचा. यावेळी गेलो, हजाराचं कार्ड भरलं, त्यातले सातशे खेळलो, खेळात जिंकल्यावर मशीन देतं ती बक्षिसाची तिकिटं जमली १८४०, आणि ती काउंटरवर देऊन घरी आला एक कंपास बॉक्स. बहिणीने फोनवर विचारलं, अरे दादा, सातशे रुपयांत कंपास? बेलापूरला स्टेशनरीच्या दुकानात नव्वदला मिळतो तो. मी म्हटलं हो, मिळतो, पण थांब, यात फसवलं असं काही नाहीये, यामागे एक पद्धत आहे आणि ती समजली तर पोरांना तिथे नेताना आपला जीव जळत नाही. फोनवर सगळं सांगता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी वाशीच्या मार्केटमधे, कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर हिशोबाचं काम बघतो. दिवसभर डोक्यात भावच असतात, त्यामुळे मला ते तिकीट बघितलं की पहिला प्रश्न हाच पडतो की याचा भाव किती आणि तो ठरवतो कोण. इथेच सगळी मेख आहे. तिकीट हे तिथलं चलन आहे, आणि त्याचा भाव दोन ठिकाणी ठरतो, एकदा मशीनवर आणि एकदा बक्षिसांच्या काउंटरवर. मशीनवर ठरतं की तुमच्या रुपयाला किती तिकिटं पडणार, काउंटरवर ठरतं की त्या तिकिटांना किती रुपयांची वस्तू मिळणार, आणि दोन्ही भाव ठरवणारा माणूस एकच. त्यामुळे एखाद्या मशीनमधून भराभर पाचशे तिकिटं निघाली म्हणून हुरळून जायचं कारण नाही, काउंटरवर कंपासला बाराशेच्या जागी चार हजार लावले की झालं. आणि उलट एखाद्या ठिकाणी तिकिटं कमी पडतात पण काउंटर स्वस्त असतो. एकटा भाव बघून काही कळत नाही, दोन्ही एकत्र बघायचे.

आता आमचाच हिशोब बघा. कंपास बाराशे तिकिटांना, बाहेर नव्वद रुपये, म्हणजे एक तिकीट साडेसात पैशांचं. १८४० तिकिटं म्हणजे १३८ रुपये. सातशे घातले, १३८ चा माल, म्हणजे जेमतेम वीस टक्के परत. या धंद्यात साधारण असं धरतात की खेळांच्या उत्पन्नातला पाव ते तिसरा हिस्सा बक्षिसांवर जावा, बाकीच्यात जागेचं भाडं, मशीन, वीज, पोरांचे पगार आणि नफा. आणि तो हिस्सा ते त्यांच्या घाऊक खरेदीच्या किमतीत मोजतात. सीवूड्स किंवा वाशीच्या मॉलमधलं भाडं काय असेल याचा विचार करा, कोणीही तिथे शंभराला शंभर परत देऊच शकत नाही. म्हणजे ते सातशे रुपये मुख्यतः दीड तासाच्या खेळाचे गेले, कंपास वरची भर. सिनेमाचं तिकीट काढून बाहेर येताना आपण वस्तू मागत नाही ना, तसंच.

मग तिकिटांची भानगड हवीच कशाला, नुसते खेळ ठेवा की. तर तिकिटामुळे खेळ संपल्यावरही हातात काहीतरी उरतं. ते आधी कागदाचं असायचं, एक इंच बाय दोन इंचाचं, घडी घालून मशीनच्या पोटात भरलेलं, प्रत्येक तिकिटाच्या कडेला छोटी खाच, त्या खाचा मोजून मशीनला कळतं किती बाहेर गेली. ती पट्टी खर्र खर्र करत बाहेर येताना बघणं हाच अर्धा आनंद होता, माझी मुलगी तर ती गळ्यात घालून फिरायची, शेपटी जमिनीवर लोळायची आणि मागून येणाऱ्याचा पाय पडू नये म्हणून मी उचलून धरायचो. आता बऱ्याच ठिकाणी तिकिटं थेट कार्डावर जमा होतात. कचरा कमी, रांग कमी, पण खर्र खर्र गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याने खेळांचे प्रकार समजतात. तो बॉल घरंगळत सोडायचा, पुढे चढण असते, उडी मारून तो गोल भोकात पडतो, १०, २०, ३० असे आकडे असतात, तो स्की-बॉल. त्याचं पेटंट १९०८ सालचं आहे, अमेरिकेत न्यू जर्सीच्या जोसेफ सिम्पसन नावाच्या माणसाचं, आणि तेव्हा त्याची गल्ली तीस फुटांहून लांब असायची, नंतर छोटी केली म्हणून दुकानात मावायला लागली. हातोडीने डोकी आपटायचा खेळ जपानचा, १९७५ चा, तिकडे घुशीसारखा प्राणी बिळातून डोकं काढतो. आणि पिझ्झा, खेळ आणि तिकिटं एका छपराखाली आणायचा प्रकार जोरात चालवला तो नोलन बुशनेल याने, १९७७ साली कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे चक ई चीज सुरू करून. हा तोच माणूस, १९७२ साली अटारी कंपनी काढणाऱ्या दोघांपैकी एक. म्हणजे व्हिडिओ गेमचा धंदा आणि तिकिटांचा धंदा एकाच घरात वाढलेत.

पण खरं सांगू का, आपल्याकडे हे नवीन नाहीचे. गावदेवीच्या जत्रेत रिंग टाकायचा स्टॉल आठवा. साबण, पावडरचा डबा, कोपऱ्यात एक घड्याळ, आणि त्या घड्याळाखालचा ठोकळा एवढा रुंद की रिंग त्याच्यावर अगदी काठोकाठ बसते, वरून सरळ, आडवी पडली तरच. साबणाला रिंग आरामात पडते. मालकाने साबण पडू दिला म्हणून तर माणसं घड्याळासाठी थांबतात. गेम झोन म्हणजे हीच जत्रा, एसीतली.

आता मशीनकडे. माझ्या डोक्यात त्यांचे तीन गट आहेत आणि पोरांनाही मी तेच शिकवलंय.

पहिला गट हाताचा. बास्केटबॉल, स्की-बॉल, हातोडी. इथे जे दिसतं तेच होतं, बॉल पडला तर पडला, आत काही ठरवलेलं नसतं, आणि सरावाने माणूस सुधारतो. बास्केटबॉलमधे रिंग बऱ्याचदा खऱ्या रिंगपेक्षा लहान आणि बॉलही लहान, त्यामुळे बाहेर ग्राउंडवर खेळणारा मुलगा पहिल्या डावात चुकतो आणि तिसऱ्या डावात जमवतो. भाच्याला मी एकच सांगितलं, घाई करू नकोस, एका लयीत टाक, मागच्या फळीवर एकच जागा धर आणि तिथेच मार. त्याचा चौथा डाव पहिल्याच्या दुप्पट गेला. स्की-बॉलला जोर कमी आणि चेंडू मधून सरळ सोडायचा, शंभरच्या कोपऱ्यातल्या भोकाच्या नादी लागायचं नाही, मधले तीस-चाळीस सतत मिळाले तर एकूण बेरीज जास्त होते. आकड्यांतच सांगतो, या दोन खेळांवर आम्ही ४४० रुपये घातले, बास्केटबॉलचे चार डाव साठचे, स्की-बॉलचे चार डाव पन्नासचे, आणि मिळाली ७४० तिकिटं. रुपयाला पावणेदोनला जरा कमी.

दुसरा गट नशिबाचा. मोठं चाक फिरवायचं, किंवा वरून बॉल सोडायचा आणि तो खिळ्यांवर आपटत खाली कुठेतरी पडतो. मुलीने दोनदा चाक फिरवलं, ऐंशी रुपयाला एक वेळ, पहिल्यांदा चाळीस तिकिटं आणि दुसऱ्यांदा थेट हजार! दिवे लागले, गाणं वाजलं, शेजारच्या बाकावरच्या आजी पण उठून बघायला आल्या. आता इथे जपून. १६० रुपयांत १०४० तिकिटं म्हणजे रुपयाला साडेसहा, लगेच भाचा म्हणाला मामा सगळे पैसे चाकावरच लावूया. पण दोन वेळा फिरवून चाकाचा भाव कळत नाही. मार्केटला एका दिवशी आवक कमी आली आणि भाव चढला म्हणून कोणी वर्षभराचा हिशोब त्यावर मांडत नाही तसंच हे. चाकाचा भाव चाकावरच लिहिलेला असतो, फक्त बेरीज करायची. समजा वीस खाचा आहेत, सगळ्या सारख्याच रुंद, एकात हजार आणि बाकी एकोणीसमधे सरासरी तीस तीस. हजार अधिक ५७०, भागिले वीस, म्हणजे एका फिरवण्याला सरासरी साडेअठ्ठ्याहत्तर तिकिटं. आमच्या साडेसात पैशांच्या भावाने ते सहा रुपयेही होत नाहीत, आणि फिरवायचे लागतात ऐंशी. खाचा कमीजास्त रुंद असतील तर मोठ्या आकड्याची खाच बहुतेक बारीकच असते, ते डोळ्यांनी दिसतं, जवळ जाऊन बघा. आमच्या त्या दिवशीच्या १८४० मधून हे हजार काढले तर उरतात ८४०, म्हणजे सातशे रुपयांत त्रेसष्ट रुपयांचा माल. एक फिरवणं लागलं म्हणून कंपास आला.

तिसरा गट हा मला सगळ्यात जास्त समजवावासा वाटतो, कारण तो दिसतो हाताचा आणि असतो बऱ्याचदा मशीनचा.

आधी गोल दिव्यांचं मशीन घ्या. लाइट गोल फिरत असतो, समोरच्या एका दिव्यावर आला की बटण दाबायचं. समजा चाळीस दिवे आहेत आणि लाइट सेकंदात एक फेरी मारतो, म्हणजे एका दिव्यावर तो २५ मिलिसेकंद थांबतो. आपल्या माणसांचं असं आहे की डोळ्यांनी बघून बोट दाबेपर्यंत साधारण २०० ते २५० मिलिसेकंद जातात, तेवढ्यात लाइट आठ-दहा दिवे पुढे गेलेला असतो. म्हणून दिवा लागला की दाबू असं म्हणणारा कायम चुकणार, अंदाजाने आधीच दाबावं लागतं, टाळी धरल्यासारखं लयीत. इथपर्यंत ते कौशल्यच आहे. पण अशा मशीनमधे जॅकपॉट किती वेळाने जावा हे सेट करायची सोय मालकाला असू शकते, आणि तशी असेल तर तुम्ही बरोबर दाबलं तरी लाइट एक घर पुढे सरकून थांबू शकतो. बाहेरून बघून हे सांगता येत नाही. ठोकळ्यांवर ठोकळे रचत वर जायच्या मशीनचंही तेच, छोटं बक्षीस हाताने मिळतं, शेवटच्या ओळीला मोठं बक्षीस मात्र मशीनच्या हिशोबाने. आम्ही लाइटवर दोनदा खेळलो, शंभर रुपये गेले, साठ तिकिटं आली, आणि भाचा दोन्ही वेळेला शप्पथ घेऊन सांगत होता की त्याने वेळेवर दाबलं. मी त्याला खोटं पाडलं नाही. दाबलं असेलही.

आणि पंजाचं मशीन. काचेच्या पेटीत टेडी, वरून तीन बोटांचा पंजा. बऱ्याच मशीनमधे पंजाची पकड कमीजास्त करता येते, एवढ्या खेळांत एकदा पूर्ण जोर आणि बाकीच्या वेळी सैल, असं ठरवून ठेवता येतं. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे खाली पकडताना जोर जास्त आणि वर उचलल्यावर कमी, हेही करता येतं. म्हणून तो टेडी उचलला जातो, मधेपर्यंत येतो, आणि भोकाच्या वीतभर आधी सुटतो. माझी मुलगी पाच वर्षांची असताना एकदा एका ठिकाणी असा टेडी सहा वेळा सुटला आणि ती रडत म्हणाली बाबा मला नीट पकडता येत नाहीये. मला त्या दिवशी हे माहीत नव्हतं, मीही तिला म्हटलं अजून नीट धर. ते अजून खुपतं मला. लहान मूल ज्या गोष्टीत स्वतःची चूक शोधतं तिथे चूक त्याची नसेल तर आपण सांगायला हवं, म्हणून हा सगळा लेख खरंतर. पंजावर खेळायचंच असेल तर आधी पाच मिनिटं उभं राहून दुसऱ्यांचे डाव बघा, पकड किती सैल आहे ते कळतं, आणि भोकाच्या कडेला टेकलेली, एका बाजूला कललेली वस्तूच धरा, उचलण्यापेक्षा ढकलण्यावर भर द्या.

नाण्यांच्या सरकत्या फळीचंही एक सांगतो. काठावर नाणी लोंबत असतात, आता पडतील, मग पडतील. पण बऱ्याच मशीनमधे दोन्ही बाजूंना फटी असतात, तिथून पडलेलं नाणं मालकाच्या खात्यात जातं, समोरून पडलेलंच तुमचं. आणि ढीग दिसतो तेवढा सैल नसतो, एकमेकांत अडकून बसलेला असतो.

मग हा जुगार नाही का, असं माझ्या सासऱ्यांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नाहीये, जगभर यावर कोर्टकचेऱ्या झाल्यात. न्यूयॉर्कमधे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली पिनबॉलवर, म्हणजे उतारावरून येणारा बॉल बटणांनी टोलवायच्या मशीनवर, बंदी आणली, मशीनं हातोड्याने फोडली, आणि ती बंदी उठली १९७६ ला, जेव्हा रॉजर शार्प नावाच्या माणसाने शहराच्या समितीपुढे पिनबॉल खेळून दाखवला, आधी सांगितलं की बॉल अमुक गल्लीतून जाईल आणि तो तिथूनच गेला. आपल्याकडे १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून सुप्रीम कोर्टात खटला झाला, त्यातून तत्त्व आलं की ज्यात कौशल्याचा भाग मोठा ती स्पर्धा जुगारात मोडत नाही. आपल्या राज्याचा जुगारबंदीचा कायदा तर १८८७ चा आहे, त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. आणि व्हिडिओ गेमसाठी १९९५ चा सिवानी विरुद्ध कर्नाटक हा निकाल, त्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकार व्हिडिओ गेम पार्लरना लायसन्स लावू शकतं, मशीनमधे फेरफार करता येतात हाही मुद्दा त्यात होता. म्हणजे आपला तिसऱ्या गटाचा मुद्दा कोर्टालाही दिसला होता. तिकिटांचे रोख पैसे देत नाहीत, वस्तूच देतात, हा मोठा फरक. जपानमधे पाचिंको नावाच्या गोळ्यांच्या मशीनचं बघा, गोळ्या जिंकल्या की दुकानातून एक ठरावीक वस्तू मिळते आणि ती शेजारच्या वेगळ्या खिडकीवर विकून रोख मिळते, कारण थेट पैसे द्यायला बंदी आहे.

आता कार्डाबद्दल, कारण पैसे गळतात ते इथून. स्वाइप करताना साठ रुपये गेले असं वाटतच नाही, नोट काढून दिली की वाटतं. त्यात काही ठिकाणी रुपयाचे क्रेडिट वेगळ्याच भावाने होतात, पाचशेचे सातशे क्रेडिट वगैरे, मग मशीनवर ८४ लिहिलंय ते किती रुपये हे डोक्यात येत नाही. माझा उपाय साधा आहे, कार्ड घेताना तिथेच मोबाइलमधे एक भागाकार करायचा आणि पोरांना सांगायचं, एक डाव म्हणजे एक वडापाव, तो डाव म्हणजे तीन वडापाव. त्यांना लगेच कळतं. शेवटी कार्डावर ३७ वगैरे उरतात आणि सगळ्यात स्वस्त डाव पन्नासचा असतो, ते तेरा भरायला पुन्हा किमान रकमेचं टॉप-अप करावं लागतं, ती साखळी तोडायची. उरू देत. ज्यादा क्रेडिटची ऑफर असेल तर ते बोनस सगळ्या मशीनवर चालतात का आणि कार्डाची, तिकिटांची मुदत किती, एवढे दोन प्रश्न विचारून घ्या, काउंटरवरची पोरं नीट सांगतात.

तिकिटं अडकली किंवा आकडा जमा झाला नाही तर पुढचा डाव स्वाइप करू नका, तिथेच उभं राहून स्टाफला हाक मारा, स्क्रीनवरचा आकडा दिसत असेपर्यंत काम लगेच होतं.

काउंटरवर सगळ्यात महाग पडतात त्या छोट्या गोष्टी. पाच रुपयांचं चॉकलेट दीडशे तिकिटांना होतं, म्हणजे तिकिटाला सव्वातीनच्या जरा वर पैसे. कंपासला साडेसात. एक छोटा स्पीकर पंधरा हजार तिकिटांना होता, ऑनलाइन अकराशेला दिसला, म्हणजे साडेसातच्या आसपासच. त्यामुळे उरलेली तिकिटं चॉकलेटात मोडण्यात तोटा, आणि पोरं नेमकं तेच करतात कारण हात रिकामा न्यायचा नसतो. मी जबरदस्ती केली नाही, फक्त हे तीन आकडे रिसीटच्या मागे लिहून दोघांपुढे ठेवले. मुलीने दोन मिनिटं विचार केला, कंपास घेतला आणि ६४० कार्डावर तशीच ठेवली.

जून लागायच्या आधी भाचा परत एकदा राहायला आला होता. यावेळी आत शिरल्यावर दोघं मशीनकडे गेलीच नाहीत, आधी सरळ बक्षिसांच्या काचेपाशी, भाचा आकडे वाचतोय, ही मोबाइलवर बाहेरची किंमत बघतेय, आणि मी कार्डाच्या रांगेत उभा असताना तिकडून ओरडून विचारतायत, बाबा, मामा, पतंग बाहेर कितीला असतो?